परिचयातून गाळलेली बाई

एप्रिल सरत आला की आमच्या चौकातल्या बुधवारच्या बाजारात श्पार्गेलचे ढीग लागतात. आपल्या शतावरीची ही दूरदेशीची नातलग. पण हिचे कोंब मेणबत्तीसारखे पांढरे, अंगठ्याएवढे जाड, ओल्या फडक्याखाली ओळीने निजवलेले. ताजेपणा पटवण्यासाठी विकणारी बाई दोन कोंब एकमेकांवर घासते आणि ते नव्या वहाणांसारखे करकरतात. तो आवाज ऐकून रांगेतल्या चेहऱ्यांवर जे समाधान पसरतं, ते ह्या शहरात दुसऱ्या कशानंही पसरलेलं मी पाहिलेलं नाही. हॅम्बर्गचा माणूस वर्षभर पाऊस सोसतो तो बहुधा ह्या आठ-नऊ आठवड्यांसाठी. सोललेले कोंब, नवे बटाटे, वितळलेलं लोणी. मग चोवीस जूनला, योहानिसच्या दिवशी, सुरी खाली ठेवली जाते आणि हंगाम संपतो.

मला ह्या दिवसांत राग येतो. श्पार्गेल शिजवताना पाण्यात चिमूटभर साखर घालतात, तरीही बुंध्याशी एक कडवटपणा उरतोच. तसा हा राग जिभेच्या मुळाशी उरतो. पूर्वी मी रागाला कवितेत शोभेल असं नाव दिलं असतं; खिन्नता म्हटलं असतं, हुरहुर म्हटलं असतं. शब्द मऊ करून वाढण्याची विद्या मला चांगली येते. त्या विद्येचाच मला राग आहे. गेल्या वर्षी ह्याच हंगामात मी एका बाईचं आयुष्य सोललं: टोकाला धक्का न लावता, वरून खाली, पातळ सालींमध्ये. ताटात वाढलं तेव्हा ते पांढरंशुभ्र दिसत होतं.

त्या बाईचं नाव ऑगस्टा रामदीन. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्या मुलीकडे राहतात. मुलगी इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. आई कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरची माजी कृषिमंत्री. नकाशावर नख ठेवलं तर झाकून जाईल एवढं ते बेट. ऑगस्टाबाई सत्तरीच्या पुढच्या, उंच, रुंद खांद्यांच्या. केस दाट, कुरळे, पांढरे. त्यांच्या वर्णासाठी मी तेव्हा वहीत भाजलेल्या कोकोची, ओल्या मातीची, अशा दोन-तीन उपमा लिहून ठेवल्या होत्या. त्या वहीचं ते पान मी फाडलं आहे. माणसाचा रंग सांगायला खाण्याचे पदार्थ का लागतात, असा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नव्हता.

आमची ओळख त्यांच्या स्वयंपाकघरात झाली. चुकून माझ्याकडे आलेलं त्यांचं टपाल द्यायला मी गेले होते. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर श्पार्गेलची जुडी, हातात सोलाणं. मला बसा म्हणण्याऐवजी त्यांनी दुसरं सोलाणं पुढे सरकवलं.

"डोक्याच्या खालून सुरू कर," त्या इंग्रजीत म्हणाल्या. त्यांची इंग्रजी समुद्रासारखी वरखाली होते. "डोकं तसंच ठेवायचं. जर्मन लोक भाजीच्या बाबतीत फार दयाळू आहेत."

मग त्यांनी सांगितलं की आदल्या आठवड्यात त्या आगगाडीने एल्बे नदीच्या दक्षिणेकडे गेल्या होत्या. खिडकीतून मैलभर काळं प्लास्टिक दिसलं. वाळूच्या उंच वरंब्यांवर ते अंथरतात. कोंबाने मातीबाहेर डोकं काढून उजेड पाहिला, तर तो आधी जांभळा आणि मग हिरवा होतो. म्हणून त्याआधीच मातीत हात घालून त्याला कापून घेतात. त्या शेतात वाकलेल्या पाठी दिसल्या, आणि ऑगस्टाबाई पुढच्या स्थानकावर उतरून मागे चालत गेल्या. रुमानियाहून हंगामापुरत्या आलेल्या बायकांना त्यांनी हातवारे करून विचारलं: पाऊस आला की तुम्ही कुठे थांबता?

"काय म्हणाल्या?"

"हसल्या. मग मालक आला आणि मला जायला सांगितलं. मालक सगळीकडे सारखाच चालतो गं. पाय आधी, कान नंतर."

पाऊस आला की कुठे थांबता, ह्या एका प्रश्नातून त्यांचं सारं राजकारण उगवलं होतं. हे मला पुढच्या काही आठवड्यांत कळत गेलं, सालींच्या ढिगाऱ्याबरोबर थोडं थोडं. त्यांची आई कोकोच्या मळ्यावर होती. कोकोची फळं फोडली की आत बुळबुळीत पांढरा गर. तो बियांसकट लाकडी खोक्यांत भरायचा, वर केळीची पानं घालायची. आठवडाभर ते आंबतं. ऑगस्टाबाई म्हणाल्या, त्यांच्या बालपणाला व्हिनेगरचा वास आहे. मग बिया मोठ्या फळ्यांवर वाळत घालायच्या आणि बायकांनी अनवाणी त्यातून चालायचं, पावलांनी सऱ्या ओढत, तासन् तास, बियांना तकाकी येईपर्यंत. त्याला तिकडे नाच म्हणतात. टाचा तांबूस व्हायच्या, त्या रविवारच्या चर्चमध्येही तांबूसच राहायच्या.

त्या फळ्यांना रुळांवर सरकणारं छत होतं. ढग आला की मुकादम ओरडायचा, आणि बायका धावत जाऊन छत बियांवर ओढून घ्यायच्या. मग स्वतः बाहेर भिजत उभ्या राहायच्या. सोळा वर्षांच्या ऑगस्टाने एकदा विचारलं, आपण पण छताखाली का जात नाही? मुकादम म्हणाला, बियांना ओल लागते.

वीस वर्षांची झाल्यावर एका खोक्यावर उभं राहून तिने पहिलं भाषण केलं. त्यात एकच वाक्य होतं: बियांना छत आहे, बायकांना नाही. त्या वाक्यावर कामगार बायकांची संघटना उभी राहिली, त्या वाक्यावर ती तुरुंगात चार दिवस काढून आली, त्या वाक्यावर निवडून आली, आणि पुष्कळ वर्षांनी कृषिमंत्री झाली. मी ऐकत होते. माझ्या बोटांना श्पार्गेलचा कच्चा, गवताळ वास लागला होता. एका ओळीवर एवढं आयुष्य तोलून धरता येतं, हे कविता शिकताना मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग डोंगराचा कागद आला. एका परदेशी हॉटेल कंपनीला मळ्याचा डोंगरउतार हवा होता. मंत्री म्हणून ऑगस्टाबाईंनी संमतीवर सही केली. नोकऱ्या येतील, असं त्यांना खरंच वाटलं होतं. नंतर नकाशा हाती आला तेव्हा कळलं, त्या उतारावर बायकांच्या वस्तीची घरं आहेत आणि ती जाणार आहेत. विधेयक सभागृहात आलं, आणि त्यांनी स्वतःच्या सरकारविरुद्ध हात वर केला. विधेयक मंजूर झालंच. मंत्रिपद गेलं, पक्षाचं तिकीट गेलं. त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि पडल्या. ज्या वाळवणाच्या फळ्यांवर त्यांची आई चालली होती, तिथल्या बायकांनीही त्यांना मत दिलं नाही. प्रचारात सांगितलं गेलं होतं की सही तिचीच आहे.

"आणि ते खरं होतं," त्या म्हणाल्या. सोलाणं थांबलेलं. "माझ्या विरोधकांनी आयुष्यात एकदाच खरं सांगितलं, आणि त्याच वेळी मी हरले."

हे सांगताना त्यांच्या आवाजात स्वतःची कीव नव्हती. हार त्यांनी एखाद्या दागिन्यासारखी नीट जपून ठेवली होती. वारसाहक्काने न आलेली, स्वतः कमावलेली.

आता मंडळाकडे वळते. आमचं इथलं मराठी मंडळ दरवर्षी मे महिन्यात महाराष्ट्र दिन साजरा करतं. विमानांच्या कारखान्यातले अभियंते, संशोधन करणारी मुलं, त्यांची भेटीला आलेली आईवडील मंडळी, असे दीडदोनशे लोक एका शाळेच्या सभागृहात जमतात. मसालेभात, मुलांची लेझीम, आणि प्रमुख पाहुण्यांचा सत्कार. सूत्रसंचालन माझ्याकडे असतं, कारण मी मंडळाची 'आपली कवयित्री'. गेल्या वर्षी ठरलेले पाहुणे ऐनवेळी गळाले, आणि मी, मीच, ऑगस्टाबाईंचं नाव सुचवलं.

अध्यक्ष सुनंदावहिनींचा दहा मिनिटांत फोन. "अगं मीनाक्षी, रामदीन म्हणजे आपल्यातल्याच ना? भारतीय वंशाची मंत्री तुमच्या तळमजल्यावर राहते आणि तू आज सांगतेस?"

"आजीकडून भारतीय, वहिनी. पणजीला मळ्यावर मजूर म्हणून बोटीने नेलं होतं. आजोबा—"

"हो हो, ते तू लिही छान. बरं, एक विचारायचं होतं. मिस्टर आहेत ना त्यांचे?"

"नाहीत. पहिले सोडून गेले, दुसरे वारले."

फोनवर क्षणभर भांड्यांचा आवाज. "अगं बाई. मग ओटी नको. शाल-श्रीफळ पुरे."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "चालेल, वहिनी."

परिचय हा आपल्याकडचा एक वाङ्मयप्रकार आहे. त्याचा कुणी अभ्यास करत नाही, पण त्याचे नियम ओव्यांपेक्षा कडक आहेत. पाहुण्यांचा परिचय म्हणजे सूर्याला दिवा दाखवणं, असं म्हणून सुरुवात करायची आणि मग पाच मिनिटं दिवा हलवत राहायचं. त्यात जन्म असतो, पदं असतात, पुरस्कार असतात. चूक नसते, घटस्फोट नसतो, कुणाशी केलेलं भांडण नसतं. ज्याचा परिचय होतो तो माणूस खुर्चीत बसून एका अनोळखी, निष्कलंक इसमाची हकिकत ऐकतो आणि नम्रपणे मान खाली घालतो. मी असे कितीतरी परिचय केले आहेत. लोक म्हणतात, तुमचा आवाज काय सुंदर आहे.

ऑगस्टाबाईंना मी निमंत्रण दिलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "परिचय तू करणार ना? मग मी हरले हे सांग. सही केली होती हेही सांग. ते सांगितलंस, तर मी येते. ते वगळलंस, तर तुमच्यासमोर दुसरीच कुणीतरी बसलेली असेल."

मी शब्द दिला.

मी जो मसुदा लिहिला तो प्रामाणिक होता, एवढं माझ्या बाजूने सांगता येईल. तो मी सचिवांना, प्रसादला, पाठवला. विमानाच्या पंखांचं काम करणारा, कष्टाळू, गोड बोलणारा, 'तर' आणि 'अगदी बरोबर' मात्र जर्मनमधून म्हणणारा मुलगा. संध्याकाळी त्याचा फोन.

"ताई, एक नंबर झालंय. आल्झो, फक्त थोडं टाइट करू या. युनियनचं काढलं तर? फॅमिली पब्लिक असतं."

"छताचं वाक्य त्यातच आहे, प्रसाद."

"गेनाऊ, पण मग ते जरा मोर्चाटाइप होतं ना. आणि तुरुंग. लहान मुलं असतात हो ताई."

"चार दिवसच होत्या."

"तेच ना, चारच दिवस, मग कशाला? आणि आजोबा आफ्रिकन वंशाचे वगैरे लिहिलंय, त्याने लोकांचं कन्फ्युजन होईल. आजीवर फोकस ठेवा. संस्कृती, सण, असं काहीतरी. आणि पराभवाने शेवट नको हो. महाराष्ट्र दिन आहे!"

एकेक साल उतरत होती. मी वाद घातला असं मला आवडलं असतं सांगायला. मी दोन वेळा 'पण' म्हणाले. तिसऱ्या वेळी मी पेन उचललं आणि, माझ्या हाताला सवयच आहे, रिकाम्या झालेल्या जागा सुंदर शब्दांनी भरल्या. 'साता समुद्रांपार संस्कृतीची ज्योत तेवत ठेवणारी तेजस्विनी.' ऑगस्टाबाई दर रविवारी चर्चमध्ये जातात. कोणती ज्योत? प्रसाद म्हणाला, "ताई, अंगावर काटा आला." मला ती दाद मिळाल्याचा आनंद झाला. हे लिहिताना आज माझे कान गरम होत आहेत.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या पिवळा झगा आणि रुंद काठाची टोपी घालून आल्या. दारात अत्तर, गुलाबपाणी आणि हळदीकुंकवाचं तबक घेऊन एक तरुण मुलगी उभी होती. ऑगस्टाबाईंना पाहून तिचं हसू थोडं अडखळलं. सुनंदावहिनी माझ्या कानाशी लागल्या.

"ह्याच का?"

"ह्याच."

"अगं, पण रामदीन म्हणालीस ना?"

तोवर त्या मुलीने कुंकवाचं बोट पुढे केलं होतं. ऑगस्टाबाईंनी टोपी काढून कपाळ तिच्या उंचीला आणलं. वहिनींनी मुलीचं मनगट हलकेच धरलं आणि खाली घेतलं. "फक्त अत्तर लाव गं," त्या म्हणाल्या, अगदी प्रेमळ आवाजात. ऑगस्टाबाई वाकलेल्याच राहिल्या, डोळे मिटून, काहीतरी होणार म्हणून वाट पाहत. किती वेळ? दोन श्वास, तीन. मोगऱ्याचा वास आणि मसालेभाताची वाफ एकत्र झाली होती. मला वाटतं, माझ्या रागाचं घर त्या वाकलेल्या कपाळासमोरच्या रिकाम्या वीतभर जागेत आहे. वहिनी दुष्ट नाहीत. माझ्या आजारपणात त्यांनी महिनाभर डबे दिले आहेत. दुष्ट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी परिचय वाचला. मराठीत, ठाय लयीत, योग्य ठिकाणी थांबत. ऑगस्टाबाईंना मराठीतलं एक अक्षरही कळत नव्हतं. त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. तेजस्विनीपाशी टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांनी त्या चकित झाल्या, हे मी पाहिलं. त्यांचे डोळे भरले. शाल-श्रीफळ स्वीकारून त्या माइकपाशी गेल्या, आणि इंग्रजीत बोलू लागल्या.

"मीनाक्षीने तुम्हाला माझ्याबद्दल सगळं सांगितलं आहे. म्हणजे मी कशावर सही केली, ते तुम्हाला ठाऊक झालं. माझ्याच गावाने मला का पाडलं, तेही. आणि हे ऐकून तुम्ही टाळ्या वाजवल्यात." त्यांनी श्रीफळ दुसऱ्या हातात घेतलं. "माझ्या बेटावर त्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही. चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नसे. मला वाटलं होतं, असे लोक कुठेच नसतात."

सभागृहात सगळ्यांना इंग्रजी येतं. माना एकमेकांकडे वळल्या.

"कसली सही?" मागच्या रांगेत कुणीतरी.

"काहीतरी घोटाळा दिसतोय," दुसरा आवाज. "मंत्रीच त्या!"

दबकं हसू. प्रसादने मला घड्याळ दाखवलं, मग ओठांनीच म्हणाला: जेवण थंड होतंय. ऑगस्टाबाई छताबद्दल सांगू लागल्या होत्या, पण खुर्च्या सरकायला लागल्या. त्यांनी एक वाक्य अर्ध्यात सोडलं आणि आभार मानले. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, पानांकडे जाता जाता.

जेवणाच्या रांगेत माझी अकरा वर्षांची ईरा आमच्या पुढे होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. ती वळली आणि स्वच्छ, शाळेतल्या आवाजात म्हणाली, "आई, दास हास्ट डू डोख गार निश्त गेझाक्ट!" तू तर हे सांगितलंच नाहीस.

ऑगस्टाबाईंना तळमजल्यावर चार वर्षं झाली आहेत. तेवढं जर्मन त्यांना येतं. त्यांनी ईराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातातली ताटली शांतपणे टेबलावर ठेवली, शाल काढून ताटलीशेजारी ठेवली आणि स्वतःच्या मुलीला फोन लावायला बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "वाचलंस ते आण. इंग्रजीत सांग." मी त्यांच्या टेबलाशी उभी राहून माझंच मराठी वाक्यावाक्याने उलगडत गेले. संस्कृतीची ज्योत. साता समुद्रांपार. इंग्रजीत ते शब्द मेलेल्या माशांसारखे पडत होते. त्या पूर्ण होईपर्यंत ऐकत होत्या.

"ही बाई कोण?" त्यांनी विचारलं. आणि लगेच पुढे म्हणाल्या, "तीस वर्षांत मला चोर म्हटलं गेलं, रशियाची हस्तक म्हटलं गेलं, ह्याहून वाईट म्हटलं गेलं. पण मी कुणीच नव्हते, असं म्हणायला कुणाला जमलं नाही. ते तू इतक्या गोड आवाजात केलंस."

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला. "रडू नकोस. पहिल्या कागदावर सही मीही केली होती. मी तुझ्यावर रागावणार नाही. माझं वय झालं. रागवायचं वय तुझं आहे. त्याचं काय करतेस ते बघ."

जूनमध्ये, हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, मंडळाची वार्षिक सभा होती. स्मरणिका छापायला जायची होती, आणि तिच्यात तो परिचय होता. मी उभी राहून म्हणाले, हा मजकूर खोटा आहे, बदलू या. मी मूळ मसुदा आणला आहे.

"ताई, पण हे तुमचंच तर लिहिलेलं आहे," प्रसाद म्हणाला. खरं बोलला.

"मीनाक्षी, झालं गेलं," वहिनी म्हणाल्या. "त्या काही वाचणार आहेत का मराठी?"

मजकूर आहे तसाच ठेवण्याचा ठराव आला. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करा. माझ्याखेरीज सगळे. विरोधी? मी हात वर केला. शेजारची मैत्रीण मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागली. खिडकीबाहेर लिंडनची झाडं फुलली होती, तो मधासारखा जड वास आत येत होता, आणि माझ्या काखेत घाम आला होता. एवढ्याशा गोष्टीला एवढी भीती! समोर माणसं तरी कोण, तर ज्यांच्याबरोबर मी चकल्या तळते ती. आणि त्या बाईने हे सरकारसमोर केलं होतं.

घरी परतताना तळमजल्याच्या खिडकीशी थांबून मी ऑगस्टाबाईंना निकाल सांगितला. त्यांनी एवढंच विचारलं, "कोपर सरळ होतं का? अर्धा वर केलेला हात मोजणारे मोजत नाहीत."

मला आठवेना.

वर्षभर आम्ही जिन्यात भेटतो. त्या 'गुटन टाग' म्हणतात, नमस्कारापुरतं. सोलाणं पुढे सरकवत नाहीत. मी त्याची अपेक्षा करण्याचा अधिकार गमावला आहे, आणि हे वाक्य लिहिताना त्याला कसलाही सुंदर शेवट देण्याचा मोह मी आवरते आहे.

ह्या आठवड्यात पुढच्या सभेची सूचना मेलवर आली. पहिला विषय नेहमीचाच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सोबत इतिवृत्त. त्यात, चौथ्या क्रमांकावर: 'स्मरणिकेतील मजकुरावर खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा होऊन तो सर्वानुमते मंजूर करण्यात आला.'

सर्वानुमते. मी ती ओळ उभ्या उभ्या वाचली. शेगडीवर पाणी उकळत होतं, त्यात साखर-मीठ पडलेलं, कोंब बाहेरच. माझ्या लक्षात आलं की हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. प्रसादने मागच्या वर्षीची फाइल उघडून तारीख बदलली असणार. आपल्या सगळ्या संस्थांच्या सगळ्या सभा सर्वानुमतेच होतात. त्यात उभं राहिलेलं एखादं माणूस असं लिहिता लिहिता बसवलं जातं, रागाने नव्हे, सवयीने. माझा हात आता कुठेच नव्हता. वर्षभर ज्या रागाला मी हंगामी म्हणत आले, त्याला पहिल्यांदा कडा आल्या. मी उत्तर लिहिलं, सर्वांना पाठवलं: हे चूक आहे, दुरुस्त करा.

पाच मिनिटांत वहिनींचा फोन.

"अगं, कशाला उकरून काढतेस? एक ओळ आहे ती."

"म्हणूनच, वहिनी. एका ओळीचीच दुरुस्ती आहे. तुम्ही अध्यक्ष आहात. लिहून घ्या."

"प्रसादला सांग ना."

"तुम्ही लिहा."

त्या उसासल्या. खण उघडल्याचा आवाज, कागदाची सळसळ. "सांग. पण थोडक्यात."

"मजकूर बहुमताने मंजूर. एक सदस्य विरोधात, नाव लिहा माझं. कारण लिहा: ऑगस्टा रामदीन ह्यांनी मळ्यावरच्या बायकांची संघटना बांधली. त्यासाठी त्या तुरुंगात गेल्या. त्यांचे आजोबा आफ्रिकन वंशाचे होते. मंत्री असताना त्यांनी बायकांची घरं जातील अशा कागदावर सही केली, मग त्याच कागदाविरुद्ध मत दिलं, आणि त्या निवडणूक हरल्या. हे परिचयात होतं. ते मी काढलं."

बराच वेळ पेनचा आवाज येत राहिला. त्या सगळं लिहीत होत्या, की नुसतंच पेन फिरवत होत्या, मला कळायला मार्ग नव्हता.

"मीनाक्षी," त्या शेवटी म्हणाल्या, "अगं, इतकं सगळं इतिवृत्ताच्या पानावर मावायचं कसं?"

"पान वाढवा, वहिनी."